दुसऱ्याच्या तारेवरून आलेली धमकी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे कधी कधी बायकोला विचारावं लागतं. पण मुरबाड तालुक्यातल्या एका सरपंचबाईंची तक्रार कालच लिहून घेतल्यासारखी डोक्यात आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मी इथे देणार नाही. त्यातले बहुतेक जण आजही तिथेच राहतात आणि रोज एकमेकांचं तोंड पाहतात.

त्या वेळी मी तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाइल आले होते, पण सिद्धगडच्या बाजूच्या गावांत आणि वाड्यांवर रेंज येत नव्हती. ज्याला फोन लागे तो तारेचा फोन घेई आणि हौसेने नंबर दाखवणारी डबी त्याला जोडून घेई. दुपारी फोन वाजला की आधी डबीकडे बघायचं आणि मग उचलायचा, अशी लोकांना सवय झाली होती.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका बाईंना आत आणलं. चाळिशीच्या, हातांना चिखलकामाचे घट्टे, खांद्यावर नीट घेतलेला पदर. जवळच्याच गावच्या सरपंच होत्या. पाणी पुढे केलं तर घेतलं नाही.

"साहेब, माझी तक्रार लिवून घ्या. पन आधी सगळी ऐका, मंग लिवा."

मी अंमलदाराला पेन खाली ठेवायला सांगितलं.

गेले काही दिवस त्यांच्या घरी दुपारचे फोन येत होते. पुरुषाचा आवाज, तोंडावर फडकं धरल्यासारखा. बोलणं तेच. राजीनामा दे, नाहीतर शहापूरला जाते ती पोरगी घरी येणार नाही. त्यांची मुलगी शहापूरला नर्सिंग शिकत होती आणि रोज एसटीने जात-येत होती. आदल्या दिवशीच्या फोनवर त्या माणसाने मुलीच्या ओढणीचा रंग सांगितला होता. त्यानंतर बाईंनी मुलीला घरी बसवलं होतं.

"नंबर दिसतो का?" मी विचारलं.

"दिसतो ना. तीच तर पंचाइत हाय. नंबर आमच्या गुरुजींचा हाय."

हे गुरुजी गावच्याच प्राथमिक शाळेत शिकवत. बौद्धवाडीत राहत. पाण्याची नवी लाइन लगेच वाडीवर न्यायची की आधी गावठाणात टाकी बांधायची, यावरून ग्रामसभेत त्यांचं आणि सरपंचबाईंचं चांगलंच वाजलं होतं. ते भांडण साऱ्या गावाने ऐकलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं? गुरुजीच असतील?"

"माझ्याशी भांडतात ते तोंडावर भांडतात. पाठीमागनं बोलनारा मानूस नाय तो. पन साहेब, डबी खोटं कशाला बोलंल?"

मी निनावी धमकीच्या कलमाखाली गुन्हा दाखल करून घेतला आणि टेलिफोन खात्याकडून माहिती मागवली. उत्तर लवकरच आलं. सरपंचबाईंना आलेले फोन गुरुजींच्याच नंबरावरून गेले होते. डबी खोटं बोलत नव्हती.

पोलिसांच्या आधी बातमी गावात पोचते, हा माझा कायमचा अनुभव. बीट हवालदार चौकशीला गेला तोवर गिरणीवाल्याने गुरुजींच्या घरचं दळण परत पाठवलं होतं. गावठाणातल्या काही आयांनी मुलं शाळेतून काढून घरी बसवली होती. भरदिवसा कोणीतरी गुरुजींच्या पत्र्यावर दगड मारला होता. वाडीतली तरुण मुलंही गप्प बसणारी नव्हती. दोन्ही बाजूंनी लोक जमायला लागले, म्हणून मी गावात बंदोबस्त लावला आणि गुरुजींना जबाबासाठी बोलावलं.

ते एकटेच एसटीने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिशवीत जेवणाचा डबा. दिवसभर बसावं लागेल हे धरूनच निघाले होते.

"गुरुजी, फोन तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे."

"मग हे कॉल?"

"मी केलेले नाहीत. घरातल्या कोणीही केलेले नाहीत. साहेब, फोन माझा आहे आणि कॉल माझा नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालणं तुमचं काम आहे."

आवाज चढवला नाही की हात जोडले नाहीत. जबाब घेताना मी माणसाचे पाय बघतो, कारण चेहऱ्यावर ताबा ठेवणं पुष्कळांना जमतं, पायांवर कमी जणांना. गुरुजींचे पाय जमिनीवर स्थिर होते. पण स्थिर पाय हा पुरावा नव्हे. कॉल मधल्या सुट्टीच्या सुमारास झाले होते आणि शाळेपासून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

संध्याकाळी गावातलं एक शिष्टमंडळ आलं. पुढे उपसरपंच होते.

"उचला की त्याला, साहेब. नंबर त्याचाच निघालाय. दोन दिवस आत ठेवलात तर गाव शांत होईल."

"अटक केली तर गाव शांत होईल, आणि फोन करणारा बाहेर राहिला तर त्या मुलीचं काय होईल?" मी विचारलं. मी त्यांना परत पाठवलं आणि मनाशी ठरवलं, की गुरुजींनी सांगितलेला तो मेळ लागल्याशिवाय या प्रकरणात बेडी बाहेर काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी दारात धान्य पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी फोन दाखवला. कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला.

"हा मधीच मरतो, साहेब," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दुपारचा बंद पडतो. आवाजच येत नाय. मंग थोड्या वेळानं आपला आपन चालू. यांना सांगितलं तर म्हनाले, लाइन खराब आसंल."

"कधी बंद पडला होता ते आठवतं?"

त्या विचार करून म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी. म्हसा गावात माझी बहीन दिलीय, तिला बाळ झाल्याचा निरोप आला व्हता. मी दुपारी फोन लावाया गेले तर मेलेला. मंग शेजारनीला घेऊन फाट्यावर गेले, तिथल्या दुकानातनं केला."

त्याच दुपारी सरपंचबाईंना ओढणीच्या रंगाचा फोन आला होता. शेजारणीने आणि फाट्यावरच्या दुकानदाराने बाईंच्या बोलण्याला दुजोरा दिला. म्हणजे ज्या वेळी गुरुजींच्या नंबरावरून धमकी जात होती, त्या वेळी त्यांच्या घरातला फोन मेलेला होता. असं कसं होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, पण तपासाला पहिल्यांदा दिशा मिळाली होती. मी बाहेर येऊन त्यांच्या घराची तार बघितली. घरावरून खांबावर, खांबावरून दुसऱ्या खांबावर, आणि तशीच पुढे मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंत. तिथे रस्त्याच्या कडेला टेलिफोन खात्याची एक लोखंडी पेटी उभी होती, माणसाच्या छातीइतकी उंच. आम्ही सगळेच तिच्यासमोरून रोज जात होतो.

फाट्यावर एक मावशी वडापावची गाडी लावत. बीट हवालदार त्यांच्याकडे नेहमी चहा घेई. त्याने सहज पेटीचा विषय काढला आणि आम्हाला खबर मिळाली.

"लाइनमन येतो की दुपारचा," मावशी म्हणाल्या. "पन आपला नेहमीचा नाय. ह्यो नवा. मोटारसायकलवर येतो, कंबरंला पिवळ्या मुठीचं हत्यार लावलेलं. मी इचारलं, आमच्या बापूची बदली झाली का रं, तर हसला नुसता."

'बापू' म्हणजे त्या भागाचा लाइनमन. खात्याचा माणूस, पेटीची किल्ली त्याच्याकडे. साहजिकच आधी त्याला बोलावलं. तो घाबरून गेला होता. पण त्या आठवड्यात तो दुसऱ्या गावच्या तुटलेल्या केबलवर होता आणि त्याच्यासोबतच्या माणसांनी तसं सांगितलं. पेटीच्या कुलपाबद्दल मात्र तो खरं बोलला. ते कुलूप कोणत्याही पातळ पत्र्याने उघडत होतं.

आता पेटी उघडून बघायची होती, आणि मला त्यातलं काही समजत नव्हतं. मी टेलिफोन खात्याला तज्ज्ञ पाठवण्यासाठी पत्र दिलं. त्यांनी शहापूरहून एका कनिष्ठ अभियंता मॅडमना पाठवलं. तिशीतल्या, बोलायला मोजक्या. पेटीकडे जाण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावर काही तुकडे मांडले.

"साहेब, न्यायालयात तुम्हाला हे सांगावं लागेल. तर आधी ओळखायला शिका."

मला ते आवडलं. मी हवालदारालाही जवळ बोलावलं.

पहिला तुकडा काळा, त्यावर पितळी स्क्रूंची रांग. यात तारेचं साल काढून ती स्क्रूला गुंडाळायची आणि आवळायची. जुन्या पेट्यांत हेच असायचे. दुसऱ्याला धातूच्या जिभा होत्या, त्यांवर तार कथलाने झाळून बसवलेली. तिसरी पांढरी अरुंद पट्टी, बारीक खाचांची. लाइनमन तिला नुसतं मॉड्यूल म्हणतात. तारेचं साल काढायचं नाही, खाचेत ठेवून एका खास हत्याराने दाबायची. आतल्या तिरक्या पात्या साल कापून तांब्याला घट्ट धरतात. चौथी पट्टीही पांढरी, खाचांची, तिसरीसारखीच दिसणारी.

"या दोन सारख्याच आहेत की," हवालदार म्हणाला.

"नीट बघा," मॅडम म्हणाल्या. "ही चौथी टेलिफोनच्या पेटीत नसते. ही कार्यालयांत संगणकाचं जाळं जोडायला वापरतात, हिला वन-टेन म्हणतात. हिच्या पात्या सरळ, मॉड्यूलच्या तिरक्या. दोघींची तार दाबायची हत्यारंही वेगळी. एकाचं हत्यार दुसरीवर चालवलं तर तार बसते, फोनही लागतो, पण खाचेच्या कडेचं प्लास्टिक दुखावतं."

मी त्या दोन पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केल्या. मग डोळे मिटून बोटांनी. शेवटी मला फरक लागायला लागला. हवालदाराने माझ्याकडे बघून हसू दाबलं. पण मला या बाबतीत कोणाच्या तोंडाकडे बघत साक्ष द्यायची नव्हती.

पंचांना घेऊन आम्ही फाट्यावर गेलो. पेटी उघडली. वरच्या भागात जुने स्क्रूचे ब्लॉक होते, खाली नव्या केबलसाठी बसवलेली मॉड्यूलं. बापूने गुरुजींच्या फोनच्या दोन तारांची जोडी दाखवली. ती खालच्या मॉड्यूलवर होती.

मॅडम गुडघ्यावर बसल्या, भिंगातून बघितलं आणि मला जागा करून दिली. त्या रांगेतल्या बाकीच्या खाचांच्या कडा गुळगुळीत होत्या. गुरुजींच्या जोडीच्या दोन खाचांची एकच बाजू झिलपी निघाल्यासारखी तुटली होती.

"इथली तार काढली आहे आणि परत बसवली आहे, एकापेक्षा जास्त वेळा," त्या म्हणाल्या. "घराकडे जाणारी तार काढायची, म्हणजे घरचा फोन बंद. त्या जागी आपला फोन लावायचा. जो कॉल जाईल तो गुरुजींच्या नंबरावरून जाईल. काम झालं की तार जागेवर."

"आणि हत्यार?"

"टेलिफोनवाल्याचं नाही. वन-टेनचं."

मला जो मेळ हवा होता तो त्या दोन तुटक्या खाचांत होता. आम्ही छायाचित्रं घेतली, पंचनामा केला, मॉड्यूल काढून सील केलं. बापूने नवं बसवलं आणि गुरुजींचा फोन पुन्हा चालू झाला.

त्याच संध्याकाळी मी सरपंचबाईंच्या घरी गेलो. गुरुजी यात नाहीत एवढंच सांगितलं. बाकीचं तपास संपेपर्यंत सांगता येणार नव्हतं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मुलगी आतल्या दाराशी उभी होती.

"मंग मी राजीनामा देऊ नको?" बाईंनी विचारलं.

"तो निर्णय तुमचा. पण धमकीमुळे देऊ नका. मुलीबरोबर मी साध्या वेशातली महिला शिपाई देतो."

मुलगीच पुढे आली. "मी उद्यापासून जाते, साहेब. तीच ओढनी घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच एसटीत चढली. आमची शिपाई तिच्या मागच्या बाकावर होती.

आता शोध सोपा झाला होता. टेलिफोनवाला नव्हे, पण अशा तारा जोडणारा, पिवळ्या मुठीचं हत्यार बाळगणारा, मोटारसायकलवर फिरणारा. त्या काळात मुरबाड-शहापूर पट्ट्यात फार्महाउसं उभी राहत होती आणि त्यांत इंटरकॉम, कॅमेरे बसवणारे कारागीर थोडेच होते. औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयांत विचारपूस केली. पूर्वी तिथे संगणकाच्या तारा ओढणारा एक जण आता खर्डीत खोली घेऊन राहत होता आणि एका जमीन दलालासाठी कामं करत होता. हा दलाल सरपंचबाईंच्या गावच्या झऱ्यालगतची जमीन फार्महाउसांसाठी घेऊ बघत होता. झऱ्यावर कुंपण पडेल म्हणून सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला अडवला होता. बाई पायउतार झाल्या की कारभार उपसरपंचांकडे जाणार होता आणि ते दाखल्याला अनुकूल होते. त्यांचा या गुन्ह्यात हात असल्याचं तपासात निघालं नाही, हेही इथेच सांगतो.

मी खर्डीच्या त्या कारागिराला आरोपी म्हणून बोलावलं नाही. एका तांत्रिक बाबीची माहिती हवी आहे, असा निरोप पाठवला. तो आला. पस्तिशीचा, टापटीप, केस मागे वळवलेले. कंबरेला हत्यार नव्हतं. मी चहा मागवला आणि मॅडमनी माझ्याकडे ठेवलेले तुकडे टेबलावर मांडले.

"तुम्ही या कामातले," मी म्हणालो. "मला हे समजावून सांगा. न्यायालयात बोलायचं आहे."

तो खुलला. एकेक तुकडा उचलून त्याने सांगितलं, हा स्क्रूचा, हा झाळायचा, हे मॉड्यूल, हे वन-टेन. काम त्याला येत होतं, यात शंका नाही. मी अधूनमधून मुद्दाम चुकत होतो आणि तो मला दुरुस्त करत होता. ज्याला आपल्या कामाचा अभिमान असतो, त्याच्यासमोर कोणी चुकीचं बोललं की त्याला राहवत नाही. मी यावरच भरवसा ठेवून बसलो होतो.

"तुम्ही टेलिफोनच्या पेट्यांचं काम करता?" मी विचारलं.

"नाय साहेब. ते खात्याचं काम. मी आपला घरातलं वायरिंग करतो. रस्त्यावरची पेटी उघडून पन बघितली नाय कधी."

हे उत्तर मी लिहून घेतलं. त्याला वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाला.

मग मी स्क्रूचा ब्लॉक त्याच्यापुढे सरकवला. "आता अडचण अशी आहे. फाट्यावरच्या पेटीत सगळे हे जुने स्क्रूचे ब्लॉक आहेत. गुरुजींची तार याच्यावरच असणार. स्क्रू सोडवायचा, तार काढायची, फोन लावायचा, परत आवळायचा. एवढं सगळं रस्त्यावर उभं राहून कोणी कसं करेल? मला वाटतं लाइनमन खोटं बोलतोय. हे बाहेरच्या माणसाचं काम नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. कप हातातच होता.

"स्क्रूचे वरती हायत, साहेब," तो म्हणाला. "गुरुजींची खालच्या मॉड्यूलवर हाय. तिथं काय टाइम लागतो?"

हवालदाराने मान वर केली. मी त्याचंच उत्तर त्याला पुन्हा वाचून दाखवलं, रस्त्यावरची पेटी उघडूनही बघितली नाही म्हणालेलं. त्याने कप खाली ठेवला. मग माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. एक टाच सारखी हलत होती.

"कोनीतरी सांगितलं मला," तो म्हणाला.

"कोणी?"

मी घाई केली नाही. अशा वेळी पोलीस बोलत सुटला तर समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. शेवटी मी एवढंच म्हणालो, "त्या गावात दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन बसले होते. एकाचं जरी डोकं फुटलं असतं, तर तुमच्यावरचं कलम कोणतं असतं, त्याचा विचार करा. आणि ज्याने हे काम सांगितलं तो आत्ता तुमच्यासाठी काय करतोय, त्याचाही करा."

"त्यांनी सांगितलं, नुसतं घाबरवायचं," तो हळूच म्हणाला. "पोरीला हात लावायचं काय ठरलं नवतं."

मग सगळं बाहेर आलं. गुरुजींची जोडी शोधायला दलालाने त्यांच्या घरी राँग नंबर लावत राहायचं आणि याने पेटीतल्या जोड्यांना आपला फोन लावून वाजणारी जोडी हेरायची, असं त्यांनी केलं होतं. गुरुजींचाच नंबर निवडला, कारण ग्रामसभेतलं भांडण दलालाला माहीत होतं. बाईंनी राजीनामा दिला तर काम झालंच. नाही दिला तर गावठाण आणि वाडी एकमेकांच्या अंगावर जातील आणि दाखल्याकडे कोणाचं लक्ष राहणार नाही.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात उभा राहत नाही, हे मला नव्याने सांगायला नको होतं. त्याला रीतसर अटक केली. त्याने दाखवल्यावरून पंचांसमक्ष खर्डीच्या खोलीतून पिवळ्या मुठीचं हत्यार आणि तारांना चिमटे लावलेला जुना फोन जप्त केला. हत्यार आणि तुटलेलं मॉड्यूल तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलं. पात्याच्या कडेची खोच आणि खाचेवरची खूण जुळली. फाट्यावरच्या मावशींनी ओळख परेडमध्ये त्याला ओळखलं. दलालाला त्याच्या कार्यालयातून उचललं, तेव्हा तो बराच वेळ मोठमोठी नावं घेत होता. मी ती ऐकून घेतली आणि गाडीत बसायला सांगितलं. गुरुजींच्या घरी लावलेले राँग नंबर त्याच्या फोनच्या नोंदींत होतेच.

खटल्यात मॅडमची साक्ष महत्त्वाची ठरली. माझ्या उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी दोन पांढऱ्या पट्ट्या पुढे केल्या आणि विचारलं, यातली कोणती? मी बोट फिरवून सांगितलं. दोघांना शिक्षा झाली. दलाल अपिलात गेला, ते पुढे बरीच वर्षं चाललं.

पण मला सांगायचं आहे ते अटकेनंतरच्या ग्रामसभेबद्दल. पोलिसांनी तिथे बोलायची पद्धत नाही. तरी सरपंचबाईंनी बोलावलं आणि मी गणवेशात गेलो. देवळापुढच्या मंडपात गावठाण आणि वाडी, दोन्हीकडची माणसं बसली होती, मधे मोकळी जागा सोडून. मी उभा राहून सांगितलं, की गुरुजींचा आणि त्यांच्या घरच्यांचा या गुन्ह्याशी कोणताही संबंध नव्हता. त्यांची तार चोरून वापरली गेली होती. दोनदा सांगितलं, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं.

गिरणीवाला उठून गुरुजींच्या पत्नीसमोर गेला. "वैनी, उद्यापासून दळन पाठवा. मी आधी दळून देतो."

"नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमी आता मुरबाडवरनं आनतो. बरं पडतं ते." तो जागेवर जाऊन बसला. माझ्या माहितीत त्यांनी त्या गिरणीत पुन्हा कधी दळण दिलं नाही. आम्ही आरोपी पकडू शकतो, निर्दोष माणसाला निर्दोष म्हणून जाहीर करू शकतो, पण त्या मधल्या दिवसांत लोक त्याच्याशी जसे वागले ते परत घेता येत नाही. म्हणून त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी एकच सांगत आलो. नंबर कोणाचा, हे कळलं म्हणजे हात कोणाचा हे कळलं असं नव्हे. मधली पेटी स्वतः उघडून बघा, आणि कळत नसेल तर कळणाऱ्याकडून शिकून घ्या. आता फोनच्या जागी दुसरी यंत्रं आली आहेत. हे सांगणं त्यांनाही लागू पडतं.

मी निघणार, तेवढ्यात सरपंचबाईंनी पुढचा विषय वाचायला घेतला. पाण्याची लाइन. सगळ्यांची नजर गुरुजींकडे गेली. ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लाइन आधी वाडीवर आली पाहिजे. माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं, आजही तेच आहे."

"आनि माझं बी तवाचंच हाय, गुरुजी," सरपंचबाई म्हणाल्या. "आधी टाकी, मंग लाइन. टाकीच नाय तर लाइनीत काय सोडू?"

"टाकी वाडीच्या वरच्या अंगाला बांधा मग."

"तिथं कातळ हाय."

"कातळ फोडता येतो."

मागून कोणी तरी काही बोललं, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, आणि बघता बघता सगळा मंडप बोलायला लागला. हवालदाराने काठी सावरून माझ्याकडे बघितलं. मी त्याला बसूनच राहायला खुणावलं आणि बाहेर पडलो. गाडीपर्यंत त्यांचे आवाज येत होते. प्रत्येक जण आपल्या नावानिशी, आपल्या तोंडाने भांडत होता, आणि समोरच्याला कोण बोलतंय ते दिसत होतं. तिथे बंदोबस्ताची गरज उरली नव्हती.